ज्योत कुठून आणायची

फेब्रुवारीच्या मध्यावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही घाटरस्त्याने रात्री निघाले की पळणारी पोरे भेटतात. एकाच्या हातात पेटती मशाल, पुढे झेंडा बांधलेली मोटारसायकल, मागच्या टेम्पोत पुढच्या टप्प्याचे गडी. शिवनेरीवरून, रायगडावरून किंवा जवळच्या एखाद्या गडावरून पेटवून घेतलेली शिवज्योत १९ फेब्रुवारीला उजाडता उजाडता गावच्या चौकात पोचवायची, एवढ्यासाठी ही रात्रभराची धाव असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात रायगडाच्या पायऱ्या अशाच पावलांनी भरून जातात. १ जानेवारीला कोरेगाव भीमाचा जयस्तंभ, २० मार्चला महाडचे चवदार तळे, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, ९ ऑगस्टला तालुक्या-तालुक्यात निघणाऱ्या आदिवासी दिनाच्या फेऱ्या: पंचांगात नसलेले हे यात्रांचे वेळापत्रक आता ठरून गेले आहे. चैत्यभूमीला कुटुंबेच्या कुटुंबे येतात, पण गडांवर आणि फेऱ्यांमध्ये दिसतात ती बहुतेक तिशीच्या आतली मुले. पंढरीच्या वाटेवर आजीचा हात धरून नातू चालतो. या नव्या वाटांवर तरुण मुले वडीलधाऱ्यांना घरी ठेवून एकमेकांच्या सोबतीने निघतात. त्यामुळे तिथे त्यांच्या कानावर काय पडते, याची जबाबदारी घरातल्या कोणाकडे राहत नाही. ती जो मंच बांधतो त्याच्याकडे जाते.

या यात्रांचा आणि त्यांच्यावरून चालणाऱ्या राजकीय चढाओढीचा विचार मुद्दाम हरसूलमध्ये बसून करावा, असे मला वाटते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. आसपास कोकणा, वारली, महादेव कोळ्यांचे पाडे. इथून स्मारकांकडे जाणारे तरुण पुष्कळ. इथल्या जागेकडे येणारा मात्र कोणी नाही. आणि तरीही १८५७ च्या डिसेंबरात या गावाचे नाव सरकारी कागदांत ठळकपणे आले होते. मला मांडायचा मुद्दा असा: आपल्याकडे स्मारकाचे मोठेपण तिथे काय घडले यावरून ठरत नाही, त्याच्यावर हक्क सांगणारे किती आणि ते किती जोरकस यावरून ठरते. तिथे जाणारा तरुण हा त्या हक्काचा पुरावा म्हणून मोजला जातो. हे मोजणे थांबवायचे असेल, तर यात्रेची व्यवस्था दावेदारांच्या हातून काढून जागेच्या राखणदारांच्या हाती द्यायला हवी, आणि त्याची सुरुवात अजून कोणी दावा न केलेल्या जागांपासून करता येईल.

चढाओढ आजची नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला तो रयतेचा राजा म्हणून. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारायला घेतला आणि १८९६ मध्ये गडावर उत्सव भरवला, तो राष्ट्रीय जागृतीचा नायक म्हणून. समाधी आधी कोणी शोधली, फुल्यांनी की टिळकांनी, हा वाद शंभर वर्षांनंतरही व्यासपीठांवर रंगतो. पण त्या जुन्या चढाओढीतून एक गोष्ट हाती लागली, ती आजच्या चढाओढीतून लागताना दिसत नाही. ती गोष्ट म्हणजे कागद. ज्याला आपला शिवाजी खरा म्हणून सांगायचा होता त्याला दप्तरे धुंडाळावी लागली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली टिळकांच्या हाती आली, त्यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शिवजन्माची मिती त्यातून पुढे आली: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. तोवर वैशाखातली, १६२७ सालची मिती धरली जात होती. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० मान्य करायला त्यानंतर आठ दशकांहून अधिक काळ गेला, पण त्या निर्णयाच्या पायाशी एका खेड्यातल्या घराने जपलेला कागद आहे. एवढ्यासाठी तरी स्पर्धा सरसकट वाईट म्हणता येत नाही. दोन माणसे एकाच वारशावर हक्क सांगतात तेव्हा दोघांनाही पुरावा आणावा लागतो. मग पुरावा आणायची गरज कुठे संपली, असा प्रश्न पडतो.

माझ्या मते गर्दी मोजता येऊ लागल्यावर ती गरज संपली. आजच्या वादांची ठेवण पाहा: पुष्कळ वाद तारखांचे आहेत. शिवजयंती तारखेने की तिथीने. राज्याभिषेक ६ जूनला की ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. २०२३ मध्ये राज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष सुरू झाले तेव्हा रायगडावर २ जूनला तिथीचा सरकारी सोहळा झाला आणि ६ जूनला तारखेचा. आदिवासी पट्ट्यात तर हे आणखी स्पष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये ठरवलेला ९ ऑगस्ट आदिवासी संघटनांनी आपलासा केला. केंद्र सरकारने २०२१ पासून बिरसा मुंडांची जयंती, १५ नोव्हेंबर, जनजातीय गौरव दिन म्हणून सुरू केली. आणि कोणत्या दिवशी कोणाची फेरी मोठी निघाली यावर तालुक्याचे राजकारण आपला अंदाज बांधू लागले. या वादांमागे कालगणनेचे, अस्मितेचे खरे प्रश्न आहेतच. पण एकाच जागेला दोन दिवस मिळाले की प्रत्येकाला आपला दिवस भरून दाखवावा लागतो, आणि दिवस भरतात ते तरुणांनी. हरसूलच्या पाड्यावरचा मुलगा ऑगस्टात एका झेंड्याखाली आणि नोव्हेंबरात दुसऱ्या झेंड्याखाली त्याच ट्रॅक्टरमधून जातो. बिरसा मुंडा रांचीच्या तुरुंगात १९०० मध्ये, पंचविशीच्या आत वारले, आणि त्यांच्या उलगुलानमागे, म्हणजे उठावामागे, जमिनीचा प्रश्न होता, हे त्याला दोन्ही वेळा नीट सांगितले गेले तर यात्रा सार्थकी लागली म्हणता येईल. ट्रॅक्टरची संख्या सांगितली जाते, ती दोन्ही वेळा.

याची किंमत कधी कधी फार मोठी पडते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे आहेत, त्यांत महार शिपायांची पुष्कळ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले, ते लष्करात भरती बंद झालेल्या समाजाला त्याच्या पराक्रमाची आठवण द्यायला. २०१८ च्या द्विशताब्दीला तिथे जाणाऱ्यांवर दगडफेक झाली, हिंसाचार पसरला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्याआधी काही दिवस जवळच्या वढू बुद्रुकमध्ये, संभाजीराजांच्या समाधीच्या गावात, एका फलकावरून तणाव पेटला होता. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते उभा राहिलेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, आणि दोनच दिवसांनी त्याच किल्ल्यावर दोन राजकीय गटांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. या भिडण्यात पुढे कोण असते? नेते भाषण करून गाडीत बसतात. दगड झेलणारा आणि नंतर गुन्हा अंगावर घेऊन नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडकणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असतो. स्मारकांच्या राजकारणाबद्दल लिहिताना हा हिशेब वगळला जातो, म्हणून तो इथे पहिल्यांदा मांडतो.

नाशिक जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे. भगूरला सावरकरांचे जन्मघर. नाशिक शहरात विजयानंद नाट्यगृह, जिथे २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पंचवटीत काळाराम मंदिर, ज्याच्या दारात २ मार्च १९३० ला प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. येवल्यात मुक्तिभूमी, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. आणि येवला तात्या टोपे यांचेही गाव. एका जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात मावतील अशा या जागा. पण भगूरला जाणारी बस येवल्याला जात नाही आणि येवल्याची भगूरला. जानेवारी २०२४ मध्ये तर काळारामाच्या प्रांगणात दहा दिवसांच्या अंतराने दोन मोठ्या भेटी झाल्या: १२ तारखेला राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी आलेले पंतप्रधान, आणि २२ तारखेला, अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी, उद्धव ठाकरे. मंदिर सर्वांचे, यायचा हक्क प्रत्येकाला. युवा महोत्सवाला देशभरातून आलेल्या मुलांना १९३० चा सत्याग्रह ज्या दारात झाला ते दार दाखवून त्याबद्दल तासभर बोलता आले असते. अशी संधी एखाद्या शहराला रोज येत नाही.

आता हरसूल. १८८३ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये नाशिक जिल्ह्याचा इतिहास सांगताना ही हकिकत येते. डिसेंबर १८५७ च्या पहिल्या आठवड्यात भिल्ल आणि ठाकरांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. त्याच सुमारास, तेव्हा पेठ संस्थानात असलेल्या हरसूलचा बाजार लुटला गेला आणि बंड पेठेत पसरले. पेठच्या राजघराण्याशी नाते सांगणारे भगवंतराव यांना पुढारी ठरवून त्यांच्या साथीदारांसह फाशी देण्यात आली. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, सिन्नरच्या नांदूर शिंगोट्याला, भागोजी नाईक यांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत ऑक्टोबरमध्येच पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला होता. भागोजी पुढे दोन वर्षे झुंजले आणि १८५९ मध्ये मिठसागरजवळ पडले. त्याच्याही आधी, २ मे १८४८ ला, अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले होते. बासष्ट वर्षांनी, १९ एप्रिल १९१० ला, त्याच ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले. सावकार आणि सरकार यांच्याविरुद्ध उठलेला महादेव कोळी आणि अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेच्या प्रेरणेने उठलेली नाशिकची मुले एकाच भिंतीआड संपली. पण त्यांच्या नावाने निघणाऱ्या यात्रा एकमेकींना ओळखत नाहीत.

हरसूलची हकिकत मला मोलाची वाटते ती तिच्यातल्या गुंत्यामुळे. बंड मोडायला कंपनीने कॅप्टन नटॉलच्या हाताखाली कोळी पलटण उभारली, याच डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळ्यांची. पेठेवर चालून गेलेल्या तुकडीत त्या पलटणीचे शिपाई होते. म्हणजे लुटणारे आणि त्यांचा पाठलाग करणारे यांच्यात डोंगर एक, बोली एक, कदाचित सोयरीकही. आणि ज्यांचा बाजार लुटला गेला तीही गावातलीच माणसे. कोणत्याही पक्षाला हा प्रसंग सरळ मंचावर ठेवता येत नाही. ज्याला शूर वीरांची रांग हवी त्याला पलटण अडचणीची. ज्याला आदिवासी विरुद्ध इंग्रज अशी रेघ हवी त्याला त्र्यंबकच्या बंडात पकडले गेलेले ब्राह्मण अडचणीचे. ज्याला व्यापारी आणि आदिवासी यांच्यातले भांडण उकरायचे त्याला तर हा प्रसंग हातात देऊच नये. हा शेवटचा धोका कल्पनेतला नाही. जुलै २०१५ मध्ये हरसूलच्या याच बाजारपेठेत दंगल झाली, जाळपोळ झाली, पोलिसांनी गोळीबार केला. अशा गावात १८५७ च्या लुटीचे स्मारक करू म्हणणाऱ्याने शंभरदा विचार करावा. माझा आग्रह स्मारकाचा नाहीच. तरुणांनी अशा जागी यावे, जिथे कोण बरोबर हे आधी ठरवून दिलेले नाही आणि ते कागद वाचून, म्हाताऱ्यांना विचारून, पायी हिंडून त्यांना स्वतः ठरवावे लागेल, एवढाच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की स्मृती आणि राजकारण वेगळे काढताच येत नाही. टिळकांचा उत्सव राजकारण होते, बाबासाहेबांची १९२७ ची भेट राजकारण होती, काळारामाचा सत्याग्रह तर उघड राजकारण. हे मला पूर्ण मान्य आहे. अराजकीय स्मारक मला नकोही आहे. पण त्या तिन्ही प्रसंगांत पुढारी तिथे काही मागायला गेले होते: स्वराज्य, लष्करातली भरती, मंदिरातला प्रवेश. मागणी कोणाकडे आहे आणि कशासाठी आहे हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि जमलेल्यांनी तिच्यासाठी झळ सोसली. आज तरुणाला बोलावले जाते ते पुष्कळदा जागा आपली आहे हे दुसऱ्या गटाला दाखवायला. त्याची स्वतःची मागणी, मग ती वनहक्काच्या दाव्याची असो, वसतिगृहाच्या जागेची असो की भरतीची, त्या मंचावरून उच्चारली जात नाही. राजकारण असावे, पण त्यात आलेल्याचे काही असावे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. मशाल घेऊन रात्रभर पळणाऱ्या मुलाला शकावली आणि गॅझेटियर दाखवून त्याचा उत्साह का मारता? या मुलांबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या वयात रात्र मोबाइलवर जाते त्या वयात ती घाट चढतात, पाणी वाटून पितात, अनोळखी गावात देवळाच्या ओट्यावर झोपतात. पण श्रद्धा माहितीने विझते हे खरे नाही. गो. नी. दांडेकरांनी गडांवर आयुष्य घालवले ते प्रेमाने, आणि त्या प्रेमानेच त्यांना गडाचा दगडन्‌दगड पाहायला लावला. जो मुलगा शिवनेरीवरून ज्योत आणतो, त्याला त्याच गडावरच्या कोळी चौथऱ्यापाशी थांबवून, मोगलांनी इथे महादेव कोळ्यांची शिरे उडवली ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आठवण ऐकवली, तर त्याची ज्योत मंद होईल असे कोण म्हणेल? हरसूलच्या मुलाला तर ती आपल्या घरची वाटेल. शिवरायांशी या पट्ट्याचे नाते सांगणारी जागाही फार लांब नाही: जव्हारजवळचे शिरपामाळ, जिथे १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना महाराज थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांचा मान केला, असे परंपरा सांगते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि त्याला पुरते उत्तर माझ्याकडे नाही. दावेदार नसलेल्या जागेकडे तरुण जाऊ लागले की दावेदार त्यांच्या मागोमाग येतील. दोन वर्षांत हरसूललाही कमान, कोनशिला आणि दोन तारखा मिळतील. परदेशातला एक अनुभव इथे उपयोगी पडतो. इस्रायलची हजारो शाळकरी मुले दरवर्षी पोलंडमधल्या नाझी छळछावण्यांना भेट देत असत. २०२२ मध्ये दोन्ही सरकारांचे बिनसले: सोबतच्या सशस्त्र रक्षकांवरून, आणि मुलांना पोलिश लोकांबद्दल काय सांगायचे यावरून. सहली थांबल्या. मार्च २०२३ मध्ये करार होऊन त्या पुन्हा सुरू करायचे ठरले, पण करारासोबत पोलंडने सुचवलेल्या स्थळांची यादी आली आणि त्यांतल्या काही स्थळांवर इस्रायलमधल्याच इतिहासकारांनी हरकत घेतली, की हा इतिहास सोयीचा करून सांगितला जातो आहे. इतक्या भीषण, इतक्या नि:संशय पुराव्याच्या जागेवरसुद्धा मुलांना काय दाखवायचे हे सरकारे वाटाघाटीने ठरवतात, तर आपली काय कथा. हरकत घेऊ शकले ते इतिहासकार, कारण कागद त्यांच्या हाती होते आणि ते कोणत्याच सरकारचे बांधील नव्हते. राखणदार हवा तो असा.

हरसूलपुरता असा राखणदार कायद्याने आधीच नेमलेला आहे. हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने लोकांच्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख यांचे जतन करायला ग्रामसभा सक्षम असल्याचे म्हटले आहे. गौण वनोपज आणि पाणी यांच्यासाठी ग्रामसभा हा अधिकार वापरायला शिकत आहेत. आठवणींसाठी तो वापरायला कोणाचीच हरकत नसावी. बाहेरून तरुणांची यात्रा येणार असेल तर ग्रामसभेने तिला वाट दाखवावी, कुठे थांबायचे आणि कोणाला विचारायचे हे सांगावे, आणि गॅझेटियरमधली ती पाने मराठीत व कोकणा-वारलीच्या बोलीत करून आश्रमशाळेतल्या मुलांकडून वाचवून घ्यावीत. पक्षाच्या माणसाने यावे, चालावे, ऐकावे. मंच बांधू नये. निधी लागेल तो शाळेच्या वाचनालयापुरता.

आणि दिवस ठरवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बंडाचा आठवडा डिसेंबरचा पहिला. नेमक्या त्याच आठवड्यात नाशिक-पालघरच्या गावागावांतून तरुण ६ डिसेंबरसाठी चैत्यभूमीला निघतात. हरसूलने आपला दिवस त्यावर लावला तर आणखी एक तारीख दुसऱ्या तारखेसमोर उभी राहील. पावसाळा सरून भातकापणी आटोपली की, गावाला सवड असेल तेव्हा, जो गट येईल त्याला त्र्यंबकपासून पेठेपर्यंतची वाट चालवावी. आणि गडांच्या, स्तंभांच्या, तळ्यांच्या यात्रांबद्दल वाचताना प्रत्येक ठिकाणी एवढे विचारावे: इथे वाट कोण दाखवतो, आणि त्याला ते काम कोणी दिले?